मी दिलेला जंगलाचा पडदा

नातीने मला भुलवून माझा पडदा परदेशी लोकांच्या हवाली केला, असे सिंदेवाहीच्या बाजारात सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी आमच्या ओसरीवर नव्हता. मी होतो.

झाडीपट्टीच्या नाटकांसाठी मी पुष्कळ पडदे रंगवले. राजवाडा कोणीही रंगवतो. जंगल मात्र मीच रंगवावे, ही माझी समजूत आजही कायम आहे. नात कॉम्प्युटरवर खेळ तयार करून विकते. तिच्या नव्या खेळात एक मुलगी हरवलेली म्हैस शोधत रानात फिरते. त्या रानासाठी तिने माझ्या पडद्याचे फोटो घेतले, तेव्हा मी ताबडतोब होकार दिला. पण खेळात बासरी वाजू लागली आणि मी विचारले, हा वाजवणारा कोण?

"ओळखत नाई, आबाजी. दूरदेशचा कोणी हाय. वापरा, विका, फक्त माझं नाव सांगा, असं त्यानं लिहून ठेवलं. खुला परवाना म्हंतेत त्याले."

"फुकट? काऊन?"

"तुमी काऊन देत होते पडदा गावोगाव?"

यावर मी निरुत्तर झालो, अशीही एक आवृत्ती प्रचलित आहे. ती खोटी आहे. मी तिला सविस्तर उत्तर दिले. ज्या मंडळाकडे जंगल नसे त्याला मी माझे देत असे. ते तिकीट लावून नाटक करीत. माझी अट एकच होती, नांदीपूर्वी माइकवरून पडदा कोणाचा ते सांगावे. एका मंडळाने सांगितले नाही, तेव्हा मी रंगमंचावर चढून स्वतःच सांगितले.

"मंग बासरीवाल्यानं वेगळं काय केलं?" ती म्हणाली. "आपण त्याचं घेतलं. आपला पडदाबी तसाच नेटवर खुला ठेवू का?"

इथे मात्र मी कडाडून भांडलो. मंडळाला दिलेला पडदा घडी होऊन परत येत असे. हा येणार नव्हता. एकदा दिला की मागता येणार नाही, कोणी त्याचे काहीही करील, हे तिनेच मला स्पष्ट बजावले आणि पुन्हा विचार करायला सांगितले. भुलवणारी माणसे असे बजावतात का?

मग एका दुपारी मी तिचा खेळ शेवटपर्यंत खेळलो. म्हैस पडद्याच्या डाव्या टोकाला, मोहाखाली सापडली आणि बासरी सुरू झाली. त्या वाजवणाऱ्याने मोह कधी पाहिलाही नसेल. तरी त्याचे सूर त्या झाडाखाली घरच्यासारखे बसले होते. मी म्हणालो, दे.

पुढे कुणा परक्या देशातल्या माणसाने माझ्या जंगलावर तीन चंद्र लावून आपला खेळ विकायला काढला. चहाच्या टपरीवर शेजारच्या दुकानदाराने लगेच सुरू केले.

"भाऊ, तिकडं तुमचं जंगल विकून राह्यले, अन् तुमी इथी कटिंग पिऊन राह्यले."

"नाव लिवलं त्यानं माझं. तुह्या दुकानावरच्या पाटीले रंग देनाऱ्याचं नाव लिवलं का तू?"

त्या दिवशी मी घरी जाऊन नातीवर संतापलो, हेही असत्य आहे. संताप होता तो त्या माणसावर. त्याने डावी बाजू कापून मोहच वगळला होता.

"त्याले तसा हक्क हाय, आबाजी. पडदा परत नाई मांगता येत."

"परत कोन मांगते? त्याले लिही, डावी बाजूबी मोकळीच हाय. घे म्हनावं."

ती हसत लिहू लागली. मी शेजारीच उभा राहिलो आणि आणखी एक वाक्य घालायला लावले: मोहाखालचा पाला फुले वेचण्यासाठी झाडून काढलेला असतो, तिथे गवत दाखवू नये.