कोणी आणला हा शब्द?

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात जिरे घेत होते. पलीकडून त्यांचे मित्र पाद्रीबाब एवढंच म्हणाले, "बाय, पार्स्याक ये." पुडी हातात धरून मी तशीच बसमध्ये चढले, आणि वाटेत आठवलं काय... तर जिऱ्याला हिब्रूत 'कम्मोन' म्हणतात आणि ग्रीकमध्ये 'कुमिनोन'. अशा वेळी हे आठवणं वेडेपणाचंच. पण हे वेड त्यांनीच लावलेलं.

आबा सुर्ल्याचे पोस्टमास्तर, सडेफटिंग. माझे वडील सिंधुदुर्गातून तिथे खनिजाच्या ट्रकवर कामाला आले होते. सातव्या वर्षी मी पोरकी झाले आणि शेजारच्या या माणसाने 'बाय' म्हणत मला ठेवून घेतलं. निवृत्तीनंतर पार्स्याच्या आपल्या घरी आले तेही मला घेऊनच. तिथे शेजारी होते निवृत्त पाद्रीबाब, तरुणपणी हिब्रू आणि ग्रीक शिकलेले. मग काय, रोज संध्याकाळी दोघांची बैठक. जन्मभर पाकिटांवरचे शिक्के वाचलेला माणूस, शब्द दिसला की विचारणार, "हो खंयसून आयलो? कोणी हाडलो?"

शब्द कुठून आला याचा शोध लिहायला वही होती. तीन रकाने: हिब्रू, ग्रीक आणि 'कोणी आणला?'. शंका असेल तर पेन्सिल, खात्री पटली तरच शाई. 'साक' आणि 'साक्कोस', दोन्हींचा अर्थ पोतं. पोत्याबरोबर शब्दही व्यापाऱ्यानेच नेला, म्हणून हे शाईत. माझ्या पाठीवरची शाळेची सॅकही त्याच घराण्यातली, हे ऐकून मी आठवडाभर वर्गात मिरवले होते. द्राक्षाच्या दारूचे 'यायिन' आणि 'ओइनोस' मात्र पेन्सिलीतच राहिले. ह्याने त्याच्याकडून घेतला, की दोघांनी तिसऱ्याच कुणाकडून? यावर दोघांचे चहा गार व्हायचे.

तोवर मी त्यांना 'मास्तर' म्हणायचे. एका संध्याकाळी तोंडातून 'आबा' निघून गेलं. त्यांनी वही उघडून थेट शाईने लिहिलं: हिब्रू 'अब्बा', आमचं 'आबा'. पाद्रीबाब खो खो हसले. "मास्तर, जगातलें खंयचेंय भुरगें 'बाबा', 'मामा' करताच. नाक सारकें म्हणून कोण सोयरो जाता?" जगातली सगळीच पोरं असं बोलतात म्हटल्यावर आबांनी ओळ खोडली आणि दोन दिवस फुगून बसले. मला वाटलं, मी हाक मारली तीच चुकली. पण सवय लागली होती, आणि त्यांनी कधी अडवलंही नाही.

बाराव्याला एका पाहुण्याने विचारलं, "तू त्यांची कोण?" साधा प्रश्न. मी 'शेजारची' म्हणाले आणि स्वतःचाच राग आला. गावातले लोक तर माझं नाक आबांसारखं आहे म्हणायचे... पण नाकाचा निकाल पाद्रीबाबांनी कधीच लावला होता.

परवा पार्स्याला जाऊन त्यांच्या मेजाचा खण उघडला. पेन्सिलीचे तुकडे, दौत, वही. 'यायिन' तसाच फिकट. मागे उलटत त्या खोडलेल्या ओळीपाशी आले. तिच्याखाली तोच शब्द पुन्हा लिहिलेला होता, 'आबा'. हिब्रूच्या रकान्यात रेघ, ग्रीकच्या रकान्यात रेघ. 'कोणी आणला?' च्या खाली लिहिलं होतं: 'बायने. सुर्ल्याहून.'

शाईने.