न प्यालेली दारू

अठ्ठावीस वर्षं तो एकाच शाळेची बस चालवत होता. गाडीला कधी ओरखडा नाही, आणि आयुष्यात दारूचा थेंब नाही.

घरात कॉलेजची पायरी चढलेली त्याची मुलगी पहिलीच. अशाच मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेने तिची फी उचलली होती. वर्षातून एकदा संस्था देणगीदारांना बोलवायची आणि चार मुलांना त्यांच्यासमोर उभं करायची.

मुलीने लिहिलेलं भाषण संस्थेच्या बाईंनी वाचलं. "छान आहे गं. पण यात दुःख कुठाय? वडील पितात?"

"नाही."

"मारतात?"

"नाही, बाई."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "बघ बाळा, सुखी माणसासाठी कोणी खिशात हात घालत नाही. पुढच्या वर्षी यादीत राहायचंय ना तुला?"

कार्यक्रमाला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसोबत शेवटच्या रांगेत बसला. मुलगी माइकपाशी आली. "माझे बाबा खूप पितात," ती म्हणाली. "माझी पुस्तकं त्यांनी जाळली."

बायको ताडकन उठली. त्याने तिचा हात धरून खाली ओढलं. "बस. पोरगी बोलतेय."

टाळ्या थांबेनात. चेक द्यायला देणगीदारांपैकी एकजण उठले आणि म्हणाले, "आईवडिलांनीही वर यावं." तो जिची बस चालवायचा त्याच शाळेचे ते अध्यक्ष होते. त्यांनी त्याला ओळखलं.

सोमवारी अध्यक्षांचं बोलावणं आलं. "चाळीस मुलं असतात तुझ्या गाडीत. पोरगी म्हणाली ते खरं?"

खरं ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर मुलगी खोटी ठरणार, आणि खोटीला फी कोण देणार?

"घेतो कधीमधी, साहेब," तो म्हणाला आणि चावी टेबलावर ठेवली.

घरी मुलगी रडली. "मी जाऊन सांगते सगळं."

"सांगून काय होणार? माझी नोकरी गेलीच आहे, तुझी फीही जाईल."

ती गेली नाही. तिचं रडणं जरा लवकरच थांबलं, हे त्याच्या लक्षात आलं.

मग त्याच्या हातात स्टिअरिंग कोणी दिलं नाही. तो एका गॅरेजात गाड्या धुऊ लागला. पोरं त्याला 'क्वार्टर' म्हणून हाक मारायची, तोही ओ द्यायचा. पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा माइकपुढे उभी राहिली. या खेपेला बाईंना काही सुचवावं लागलं नाही. "दारूपायी बाबांची नोकरी गेली," ती म्हणाली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला बोलावणं नव्हतं.

ती शिकली, चांगल्या नोकरीला लागली. तिच्या लग्नाच्या बोलणीत मुलाच्या काकांनी अवघडत विषय काढला, "वडिलांबद्दल थोडं कानावर आलंय..."

बायको तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, "आता सोडलीय त्यांनी. दोन वर्षं झाली."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो, सोडली."

"शाब्बास," काका म्हणाले, आणि बोलणी पुढे सरकली.