अडीच वाजताची व्हायवा

मी फार्मसी शिकवते. पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा, असा माझा स्वभाव. पोरं मागून मला 'मिरची मॅडम' म्हणतात, तेही ठाऊक आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तर मी उभं करत नाही. पण यावेळी पुरावा माझ्याच हातात आहे आणि गप्प बसवत नाही...

कोल्हापूरजवळच्या एका खासगी कॉलेजात मी नोकरीला आहे. त्या दिवशी फायनल इयरची तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या कॉलेजातून एक्स्टर्नल सर आले होते. आता पाहुणा आमच्याकडे आला आणि तांबडा-पांढरा रस्सा न खाता गेला, असं होतं का? जेवण लांबलं. सर म्हणाले, "उरलेल्या चार-पाच जणी तुम्हीच उरका मॅडम, मी नंतर सह्या करतो." चूक आहे, पण सगळीकडे चालतं हे.

शेवटी आली सायली. कागलची, हुशार पोरगी. बाकीच्या तोवर निघून गेल्या होत्या. घड्याळात अडीच. तिनं हजेरीपत्रकावर सही केली आणि समोर बसली. चेहरा उतरलेला वाटला. "जेवलीस का गं?" म्हटलं, तर नुसती हसली. उत्तरं मात्र खणखणीत! वीसपैकी अठरा दिले मी. सरांनी येऊन सह्या केल्या, मार्कांचं पाकीट सील झालं.

चार वाजता तिच्या वडिलांचा फोन आला.

"मॅडम, सायलीचं अपेंडिक्स फुटलं सकाळी. दोनला ऑपरेशनला आत घेतलेलं, आत्ता भाईर आणलं. परीक्षा बुडली की ओ... वरीस जाईल का पोरीचं?"

"अहो काका, काय बोलताय? अडीचला माझ्यासमोर बसली होती ती!"

"चेष्टा करू नगासा मॅडम. मी दारातनं हललो न्हाई."

आई गं... तशीच गाडी काढून कागलच्या दवाखान्यात गेले. सायली सलाइन लावून पडली होती. डॉक्टरांनी सांगितलं — दोन ते साडेतीन ती टेबलावर होती, पूर्ण भूल दिलेली.

विचारायचं कुणाला? सरांनी तिला पाहिलंच नव्हतं. तोंड उघडलं तर सायली गैरहजर, वर्ष वाया, आणि माझी नोकरी धोक्यात. मी गप्प बसले. मला लाज वाटते, पण बसले.

टाके निघाल्यावर सायली कॉलेजात आली, फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन. मी हजेरीपत्रकाची झेरॉक्स तिच्यापुढे ठेवली. तिनं सहीवर बोट ठेवलं.

"सही माझीच हाय, मॅडम." आणि एकदम रडायला लागली. "पण मी आलेच न्हवते की ओ! मग पास कोण झालं?"

तिचा अर्ज मी ड्रॉवरमध्ये टाकला; ते अठरा मार्क तसेच राहिले. सायलीला डिग्री मिळाली, चांगली नोकरी लागली. पेढे मात्र तिनं दिले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत.