ओल्या फिल्मवरच्या दोन वाट्या

विट्याकडच्या आमच्या गावातले बरेच पुरुष सोनं गाळायच्या धंद्यापायी परमुलखात असत. आमच्या घरचा माणूस मात्र पलटणीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि सासूबाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं. नेमकं तेव्हाच आमच्या दोन वर्षांच्या पोरीनं बापाच्या जुन्या वर्दीचं पितळी बटण गिळलं. लाळ गळायला लागली, पाणीही उलटून पडायला लागलं. सोमवारी आम्ही दोघी तिला एसटीनं सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

एक्स-रे काढणाऱ्यानं बजावलं, "अंगावरचं धातूचं सगळं काढा आणि पोरीचे हात धरून ठेवा." मी तिचे वाळे काढले. माझ्या मंगळसूत्राला हात घातला, तोच सासूबाईंनी मनगट धरलं.

"त्येला हात लावायचा न्हाई. माजं लेकरू तिकडं लढाईत हाय."

भांडायचं त्राण नव्हतं. धुणं धुताना टाकतो तसं मंगळसूत्र पाठीवर टाकलं, पदर खोचला आणि पोरीवर वाकले.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. छातीत बटण होतं. खाली पोटात आणखी दोन गोल ठिपके, अगदी शेजारी-शेजारी. "तीन वस्तू आहेत. पोट उघडावं लागेल," ते म्हणाले. मी त्या ठिपक्यांकडं बघत राहिले. मला भीतीसुद्धा वाटेना. मग ओळखलं. एक वाटी माहेरची, एक सासरची. मी वाकले तेव्हा मंगळसूत्र पुढं घसरलं होतं.

"त्या दोन माज्या हायत," मी म्हणाले.

डॉक्टर वैतागले. म्हणाले, सगळं उतरवा, पुन्हा फोटो काढू. सासूबाई माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"आवं आत्याबाई, पोरीचं पोट फाडायला निघाल्यात!" एवढं बोलून मी मंगळसूत्र काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या फिल्मवर एकच ठिपका होता, तोही पोटात उतरलेला. केळी चारा नि वाट बघा म्हणाले. घरी आल्यावर बटण आपोआप पडलं. सासूबाईंनी दवाखान्याच्या बाकावरच मंगळसूत्र माझ्या गळ्यात परत घातलं होतं, पण माझ्याशी बोलणं टाकलं.

मग तार आली. ते लढाईत गेले, एवढंच तिच्यात होतं. बायका मला धरून रडत होत्या आणि मी कोरडी ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या, "तूच उतरिवलंस." मलाही ते पटलं. दिवसभर भाकऱ्या थापायच्या, पोरीला न्हाऊ घालायचं, आणि मनात तेवढंच.

लढाई संपल्यावर त्यांच्या पलटणीतला शेजारच्या गावचा एक जवान भेटायला आला. अंगणात बसून त्यानं सगळं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "कवा रं गेला?"

"लढाई लागली त्येच्या दुसऱ्याच दिशी, शनवारी पहाटं, आये," तो म्हणाला.

"आमी सांगलीला गेलो त्यो सोमवार… म्हंजी त्येच्या आधीच," मीच मधे बोलून गेले. जवानाला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं.

मला आधी काय वाटलं, ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. मी मंगळसूत्र काढलं तेव्हा माझा नवरा मेलेलाच होता, याचा मला आनंद झाला. मग चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून पहिल्यांदा रडले.