बावीस नंबरचा गूळ

बेचाळीस हंगामांत ज्ञानू मगदूमच्या हातचा काळा गूळ कुणी पाहिला नव्हता. गुऱ्हाळ कुणाचंही असो, रस आटवायच्या काहिलीपाशी ज्ञानू उभा असला की रवा, म्हणजे गुळाची ढेप, पिवळाधमक उतरायचा. बाजारात सौद्याच्या वेळी व्यापारी रव्याला बोट लावून म्हणायचे, "ह्यो ज्ञानूचा हात दिसतोय." शाळा चौथीपर्यंत, जमीन वीस गुंठे, बोलणं बेताचं, पण ते एक वाक्य त्याच्या मालकीचं होतं. जत्रेत, लग्नात, एसटीत कुणी ते म्हटलं की तो मान खाली घालून हसायचा आणि घरी आल्यावर चिमणाबाईला शब्द न् शब्द सांगायचा.

त्या पिवळेपणात हाताचा वाटा किती आणि हायड्रास पावडरीचा किती, हे मात्र कुणी विचारत नसे. उकळत्या रसात चिमूटभर पावडर टाकली की काळपट रंग डोळ्यांदेखत उडतो. पुढे दोनतीन महिन्यांनी तोच गूळ पुन्हा काळवंडतो, पण तोवर तो दुसऱ्याच्या घरी गेलेला असतो. गूळ करणारे सगळे गुळवे टाकत होते. ज्ञानू इतरांपेक्षा कमी टाकायचा, अगदी शेवटी, कुणाचं लक्ष नसताना. पानाच्या चंचीत, चुन्याच्या डबीशेजारी, कागदाची एक पुडी कायम असायची. ती आहे हे चिमणाबाईलाही ठाऊक नव्हतं.

अशा माणसाला डॉ. मलिका मुजावर यांनी आपल्या कामासाठी बोलावून घेतलं.

मलिका मॅडम शिरोळच्या. पुरात त्यांच्या वडिलांचा ऊस दोन वेळा आठ-आठ दिवस पाण्यात उभा राहिला आणि कुजला. पुढे त्या ऊस-पैदास शिकल्या आणि शेतकऱ्यांच्याच एका संस्थेनं कोल्हापूरजवळ चालवलेल्या प्रयोगक्षेत्रावर नोकरीला लागल्या. दोन जातींच्या संकरातून आलेल्या हजारो रोपांतून निवडत निवडत, नऊ वर्षांनी त्यांच्या हाती मोजके वाण उरले होते. त्यांतल्या बावीस नंबरवर त्यांचा जीव होता. तो साचलेल्या पाण्यात तग धरत होता. आता एवढंच पाहायचं होतं, की त्याचा गूळ पावडरीशिवाय चांगल्या रंगाचा होतो का.

"मामा," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "रस निवळायला रानभेंडीचा चीक घालायचा, वर येणारी मळी काढायची, बास. दुसरं काही नाही. नेहमीचा ऊस आणि बावीस नंबर, दोन्ही अगदी एकसारखे शिजवायचे. तुमचा हात सारखा, म्हणून तुम्हाला बोलावलं."

"बरं, मॅडम," ज्ञानू म्हणाला होता. आणि दीड हंगाम त्यानं खरोखर दुसरं काही घातलं नाही. पुडी चंचीतच राहिली. टाकून द्यावी असं मात्र त्याला कधी वाटलं नाही.

काहिलीखालच्या चुलवाणाचा जाळ रफिक सांभाळायचा. पन्नाशीचा, किडकिडीत, तोंडानं अखंड चालू, कधी गाणं, कधी चेष्टा. ज्ञानू आणि तो अठरा हंगाम एकत्र होते. ज्ञानूनं नुसती भुवई उचलली की रफिकला कळायचं, जळणाची चिपाडं वाढवायची की ओढून घ्यायची.

जानेवारीच्या अठरा तारखेला, गुरुवारी, संस्थेची मंडळी प्रयोग पाहायला आली. बरोबर गुळाचे जुने व्यापारी गणपतराव होते. नेहमीच्या उसाचं पहिलं आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, झकास उतरलं. मग बावीस नंबरचा रस काहिलीत पडला. हा ऊस खालच्या तुकड्यातला होता. त्या तुकड्यात पावसाळ्यात पाणी सगळ्यांत जास्त दिवस तुंबलं होतं. रस आटू लागला तसा त्याचा रंग तांबड्यावरून तपकिरीवर गेला, आणि तपकिरीवरून त्याही पलीकडे.

गणपतराव वाफेत वाकून बघत म्हणाले, "काय ज्ञानबा, गूळ करतोयस का डांबर? आमच्या गल्लीचा रस्ता व्हायचा ऱ्हायलाय, तिकडं घाल की!"

मंडळी हसली. रफिक चुलवाणापासूनच ओरडला, "पावणं, तोंड गोड करायला आलाईसा न्हवं? मग रंग कशाला बघतासा?" पुन्हा हशा झाला. तो ज्ञानूच्या बाजूनं होता, पण ज्ञानूच्या कानांत पहिलाच हशा घुमत राहिला.

त्याचा हात चंचीकडे गेला. हात आपोआप गेला असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होता. ते खरं नव्हतं. त्यानं आधी मॅडम कुठे बघतायत ते पाहिलं होतं. दाट वाफ येईपर्यंत तो थांबला होता. मग फावडं फिरवता फिरवता मूठ उघडली, आणि पुडीचा कागद बोळा करून चुलवाणाच्या तोंडाकडे भिरकावला.

गूळ सोन्यासारखा उतरला.

"ह्येला म्हनायचं हात!" गणपतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मलिका मॅडमनी खडा उचलून उजेडात धरला. "मामा, पाण्यात उभा राहिलेला ऊस, बिनपावडरीचा गूळ, आणि हा रंग!" त्यांनी रव्यावर चिकटवायची चिठ्ठी पुढे केली. वाण, आधण, तारीख, आणि खाली गुळव्याचं नाव. ज्ञानूनं सही केली. आपलं नाव लिहायला त्याला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

घरी आल्यावर तो हात धूत बसला. चिमणाबाईनं तांब्या दोनदा भरून दिला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा ती म्हणाली, "अवो, काय लागलंय तरी काय हाताला? आन् आज गणपतराव काय म्हनलं, ते न्हाय सांगितलंसा?"

"काय न्हाय म्हनलं," ज्ञानू म्हणाला.

सोमवारी प्रयोगशाळेतून कागद आला. बावीस नंबरच्या त्या गुळात गंधकाचं प्रमाण भलतंच होतं. म्हणजे कुणीतरी पावडर घातली होती. व्यवस्थापक उदयसिंह यांनी गुऱ्हाळ झाडून घ्यायला लावलं आणि चिपाडांच्या ढिगाखाली कागदाचा बोळा सापडला. पांढरी भुकटी अजून चिकटलेली. चुलवाणाच्या तोंडापर्यंत तो पोचलाच नव्हता. रफिकच्या बसायच्या पाटाजवळच पडला होता.

"ही जागा कुणाची?" उदयसिंहांनी विचारलं.

"माजी," रफिक म्हणाला. "पर सायेब, मी जाळ घालणारा मानूस. काहिलीत काय पडतंय ते मला काय करायचंय?"

"मग कागद तुझ्याजवळ कसा?"

रफिक ज्ञानूकडे वळला. "अण्णा, तुमी सांगा की. तुमी काहिलीपाशीच हुता."

सगळे ज्ञानूकडे पाहू लागले. चंची कमरेला होती. तिच्यात पुडीची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी जागाच त्याला जड लागत होती.

"मला न्हाय दिसलं काय," तो म्हणाला.

रफिकनं खांद्यावरचा टॉवेल झटकला, सायकल काढली आणि निघून गेला. उद्यापासून येऊ नको, हे उदयसिंहांचे शब्द त्याला पाठमोरा असतानाच ऐकावे लागले.

मंगळवारी जाळाला नवा माणूस आला. ज्ञानूनं भुवई उचलली, नवा माणूस त्याच्याकडे बघत बसला. आधण करपलं. मलिका मॅडम रागावल्या नाहीत. त्या एका कोपऱ्यात वही उघडून बसल्या होत्या आणि लिहीत काहीच नव्हत्या.

"मॅडम, च्या आनू?" ज्ञानूनं विचारलं.

"नको, मामा." मग त्या म्हणाल्या, "गुरुवारी संस्थेच्या समितीची बैठक आहे. मीच पावडर घालून रंग आणला असं लोक म्हणतायत. बावीस नंबरचे आधीचे आकडेही आता कुणी खरे मानणार नाही. वाण काढून टाकतील, बेण्याचा प्लॉट मोडतील." त्यांनी वही मिटली. "काळा आला असता तर चाललं असतं हो. काळा का आला ते मी शोधलं असतं. पाणी किती दिवस तुंबल्यावर रंग जातो, हे तरी कळलं असतं. काळ्या गुळातनं मला शिकता येतं. या पिवळ्यातनं काय शिकू?"

आपण पिवळा रंग देऊन या बाईंचं काम राखलं, असं ज्ञानूनं मनाशी एक खोटं धरून ठेवलं होतं. तेही आता हातात उरलं नाही. त्यानं स्वतःचं नाव राखलं होतं. बाकी सगळ्यांचं घालवलं होतं.

त्या दुपारी तो काम टाकून रफिकच्या दारात गेला. रफिक सायकलची चेन काढून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, बस म्हटलं नाही.

"रफिक, ती पुडी माजी हुती."

"मला ठावं हाय."

ज्ञानूला पहिल्यांदा कळलंच नाही. "ठावं हुतं?"

"चुलवाणापासनं वर बघितलं की काहिलीवरचा हातच दिसतोय, अण्णा. अठरा वरसं दिसतोय. ह्या बाईकडं आल्यापास्नं टाकत न्हवतासा, ते बी दिसत हुतं. घरात सांगितलं हुतं मी, अण्णा सुदारला म्हनून."

"मग सोमवारी बोलला का न्हाईस?"

रफिकनं चेन खाली ठेवली. हात तेलानं काळे झाले होते. "तुमी बोलशीला म्हनून वाट बघितली की."

ज्ञानूला वाटलं, यानं शिव्या घालाव्यात, अंगावर धावून यावं. रफिक उठला, हात पुसले आणि सदरा घालून आला. "चला. सायेब पाचला जात्यात."

प्रयोगक्षेत्राच्या ऑफिसात उदयसिंह आणि मलिका मॅडम समोरासमोर बसले होते. ज्ञानूनं कमरेची चंची सोडून टेबलावर ठेवली. "पावडर म्या घातली. कागद बी म्याच टाकला. रफिकचा काय संबंद न्हाय. सोमवारी मी खोटं बोललो."

उदयसिंहांनी तोंडाला येईल ते सुनावलं. ज्ञानूनं ते मान खाली घालून ऐकलं. ते सोपं होतं. अवघड होतं ते मलिका मॅडमचं बोलणं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि मामा म्हणाल्या नाहीत.

"हे लिहून द्याल?"

चौथीच्या अक्षरात त्यानं सगळं लिहून दिलं. कधी, किती चिमटी, कुणाच्या हसण्यानंतर. 'हसण्यानंतर' हा शब्द लिहिताना त्याला एवढी लाज वाटली की तो खोडावासा वाटला. खोडला नाही.

गुरुवारी समितीनं तो कागद वाचला. ते एक आधण रद्द झालं. खालच्या तुकड्यात थोडा ऊस अजून उभा होता, तो सगळ्यांसमोर पुन्हा शिजवावा असं ठरलं. उदयसिंह म्हणाले, गुळव्या तरी दुसरा आणू. मॅडमनी मान हलवली. "हात बदलला तर आधीच्या आकड्यांशी ताडता येणार नाही. हेच करतील." त्यात माफी नव्हती. ती त्यांच्या कामाची रीत होती, आणि ते ज्ञानूलाही कळलं.

एकोणतीस तारखेला, सोमवारी, तीच मंडळी पुन्हा जमली. गणपतरावही आले. चुलवाणापाशी परत कामावर घेतलेला रफिक होता. ज्ञानू आपणहून त्याच्याकडे गेला आणि चंची पुढे केली. रफिकनं ती सगळ्यांदेखत उघडली. पानं उलगडली, सुपारी ओतून पाहिली, चुन्याची डबी उघडून हुंगली. ज्ञानू समोर उभा होता. आयुष्यात कुणी त्याची झडती घेतली नव्हती. रफिकनं चंची पुन्हा गुंडाळली आणि आपल्या पाटाखाली सारली.

रस उकळला. मळी निघाली, भेंडीचा चीक पडला. ज्ञानूनं भुवई उचलली, रफिकनं जाळ ओढला. गाणं नाही, चेष्टा नाही. रंग तपकिरी झाला आणि त्याच्याही पलीकडे गेला. ज्ञानू फावडं फिरवत राहिला. डोक्यावरून घाम ओघळत होता, तो पुसायलासुद्धा त्यानं हात काहिलीवरून हलवला नाही. सगळ्यांना हात दिसत राहावा म्हणून.

रवा काळाकुट्ट उतरला.

"ज्ञानबा," गणपतराव म्हणाले, या खेपेला हळू आवाजात, "हात गेला का रं?"

"न्हाय, गणपतराव. ह्योच हाय."

मलिका मॅडमनी रंगाच्या रकान्यात लिहिलं, काळा. पुढे कंसात लिहिलं, पाणी तुंबलेला तुकडा. मग चिठ्ठी पुढे केली. ज्ञानूनं खाली नाव लिहिलं आणि ती त्या काळ्या रव्यावर स्वतःच्या हातानं चिकटवली. बेचाळीस हंगामांत पहिल्यांदा.

रफिकनं काहिलीच्या कडेचा एक तुकडा खरवडून तोंडात टाकला. "गोड हाय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

संध्याकाळी निघताना ज्ञानूनं चंची मागितली.

"हंगाम सरल्यावर," रफिक म्हणाला आणि सायकलवर बसला.