वकीलआत्याचं मत

वकीलआत्यानं पहिली केस लढवली ती स्वतःच्या सख्ख्या काकांविरुद्ध. काकांनी विधवा सुनेला शेतात वाटा द्यायला नकार दिला, तेव्हा आत्या चिखलीच्या कोर्टात सुनेच्या बाजूनं उभी राहिली. घरात कोणी काही म्हटलं, की तिचं एकच उत्तर असे, "घरचा माणूस असला म्हणून काय झालं? चूक ते चूकच."

लग्नानंतर ती कॅनडात गेली. इथली सनद तिकडे चालेना, म्हणून दुकानात काम करून तिनं कायद्याच्या परीक्षा पुन्हा दिल्या. नव्यानं आलेल्या लोकांच्या केसेस ती घेऊ लागली आणि पुढं त्याच लोकांनी तिला तिथल्या संसदेत पाठवलं. इकडं गावात, अमडापुरात, आम्ही पेढे वाटले. ती मात्र फोनवर बाबांना, म्हणजे तिच्या भावाला, विचारत होती, "दादा, सोयाबीन निघालं का?"

मग तिच्या पक्षानं एक कायदा आणला. बाहेरून आलेल्यांना म्हाताऱ्या आईबापांना तिकडं न्यायला बंदी. आत्या विरोधात जाणार, याची आम्हाला इतकी खात्री होती की सकाळीच सगळे मोबाइलसमोर बसलो. मत द्यायला कायद्याच्या बाजूचे खासदार उभे राहिले. त्यांत आत्या होती.

बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. "दुसरी कोणी असंन," ते म्हणाले. मीही पुन्हा पुन्हा पाहिलं. आत्याच होती.

बाबांनी तिला फोन लावला. "काऊन वं असं केलं?"

आत्या म्हणाली, "मले भेव वाटलं, दादा. पुढच्या खेपेले तिकीट देणार नव्हते."

आत्या आणि भीती? बाबांनी फोन ठेवला. पुढं कित्येक महिने तिचा फोन घेतला नाही.

दिवाळीनंतर ती आली. खासदारकी सोडून आली होती. जेवताना तिनंच सांगितलं, "त्याच कायद्याविरुद्ध कोर्टात लढून राह्यली मी आता." ती असेपर्यंत बाबा तिच्याशी बोललेच नाहीत.

जायच्या दिवशी ती चिखलीच्या एसटीत बसली. मी खिडकीशी उभी होते. कंडक्टरनं घंटी दिली, तेवढ्यात मागून बाबा आले, घरातल्या बनियनवरच, आणि गाडीत चढले.

"सरक तिकडं," ते आत्याला म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.