नामंजूर पानावरचं आडनाव

पडद्यावर माझा फोटो आला. खाली माझं आडनाव. त्याखाली लाल पट्टी: 'कर्ज अर्ज नामंजूर.'

अख्खी टीम खदखदून हसली. मी उठून झोकात मुजरा केला. नाटकी माणूस मी. नांदेडात दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता कॉम्प्युटरवर आलेला. हशा ऐकला की कंबर आपोआप वाकते.

लातूरच्या या ऑफिसात आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. बटण केवढं, रंग कुठला, अडचण आली तर ग्राहकाला काय सांगायचं, या नियमांची पुस्तिका माझ्याकडे. प्रत्येक नियमाखाली नमुन्याचं पान. नमुन्यातली नावं आणि फोटो मात्र साहेबांनी भरले होते. हिरव्या 'मंजूर' पानावर त्यांचं आडनाव. लाल पानावर माझं. जे ऐकलं की लोकांना आमची वस्ती कळते.

दुपारी डबा घेऊन जिन्यात बसलो. नेहमीसारखा एकटा. टीममधली पोरं पुस्तिकेतलं पान उचलतात आणि सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं चिकटवतात. त्याच पानांवर हिमायतनगरपासून किल्लारीपर्यंतचे कारकून काम शिकणार. कुणाला नाही म्हणायचं, तेही शिकणार. शाळेत मास्तरांच्या गणितातला चोर आमच्याच आडनावाचा असायचा. वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यानं मी.

जेवणानंतर साहेब म्हणाले, "काका, पुस्तिका पाठवा सगळ्यांना."

"हे पान न्हाई जाणार, साहेब."

"अहो, नमुना आहे तो! कुणाचं तरी नाव लागतंच ना?"

"मग तुमचं टाकतो."

"आमचं?" ते खरोखरच गोंधळले. "आमचं तिथं कसं दिसेल?"

कुणी हसलं नाही. मीही नाही.

त्यांच्यासमोरच दोन्ही पानांवरची नावं आणि फोटो पुसले. नियम लिहिला: नमुन्यात कुणाचंही आडनाव येणार नाही. पुस्तिका पाठवून दिली.

"लई मनावर घेऊन राहिले काका," शेजारचा पुटपुटला आणि खुर्ची लांब सरकवून बसला. तेव्हापासून मला कुणी चहाला हाक मारत नाही. पुस्तिका दुसऱ्याकडे द्यायचं चाललंय.

द्या. त्यानं नाव परत घातलं, तर मी परत पुसेन. मला काढलं, तर ज्या पतसंस्थेत ते पान उघडेल तिथं जाईन. काउंटरसमोर उभा राहून विचारीन, हे इथं कुणी लिहिलं. मोठ्यानं विचारीन. उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही.